सागाच्या पाटाची गिटार

विजेच्या गिटारला पोट नसते, ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच पटली नाही. तंबोऱ्याला भोपळा असतो, सतारीला असतो, तबल्याला तर पोटाशिवाय दुसरे काही नसतेच. मग एका भरीव फळीवर सहा तारा ताणल्या तर आवाज येणार कोठून, असा बाबांचा प्रश्न होता आणि तो शास्त्रशुद्ध होता. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि त्या वयात मला सगळ्या प्रश्नांची उत्तरे येत असत. मी सांगितले की तारांच्या खाली चुंबक असतो, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, वरची पोलादी तार हलली की वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते, आणि ती वीज वाढवून कर्ण्याला दिली की झाला आवाज. फळीला काही करावे लागत नाही, ती फक्त तारा धरून ठेवते. बाबांनी विचार केला. "म्हणजे फळी बसून राहते, अन् काम दुसरेच करतात." मी म्हटले, हो. "मंग तर ती सरकारी नोकरीत आहे." बाबा स्वतः रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यामुळे हे विधान आम्ही जाणकाराचे मत म्हणून स्वीकारले.

आम्ही रायपूरला, बूढापाऱ्यात तलावाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या खोलीच्या खिडकीशी आईचे शिलाई मशीन होते आणि त्याचा आवाज थांबला की शेजारचे लोक कोणी आजारी आहे का ते विचारायला येत. शहर नुकतेच नव्या राज्याची राजधानी झाले होते. दुकानांच्या पाट्यांवर घाईघाईने 'राजधानी' हा शब्द रंगवला गेला होता. राजधानी चाट भांडार, राजधानी पंक्चर, आणि एका न्हाव्याने तर आरशावरच लिहिले होते. वीज पूर्वीइतकीच जात होती, फक्त आता ती राजधानीतून जात होती. या बदलाचा खरा फायदा आईला झाला. भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांच्या बायका पंडरीच्या कापडबाजारातून कापड घेत आणि कोणीतरी सांगितले म्हणून आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढत. आईच्या मापांच्या वहीचे वाचन मी दहाव्या वर्षापासून करत आले होते. मी आकडा मोठ्याने वाचायचा, आईने टेप धरून खडूने रेघ मारायची, ही आमच्या घरातली कामाची पद्धत. छाती चौतीस, बाही सहा, गळा सात. आकडा वहीतला असे आणि रेघ आईची. रेघ मारताना ती अर्धा इंच जास्तीचे कापड स्वतःच्या मनाने सोडत असे, शिवणीच्या आत दाबून ठेवायला. बाई पुढे जाडजूड झाली तर उसवून मोठे करता येते. हा अर्धा इंच वहीत कधीच लिहिला जात नसे. आईचा तो जगण्याचा नियमच होता. ती कणकेतही एक मूठ जास्त घेई आणि गाडी साडेनऊची असेल तर आम्हाला साडेआठला फलाटावर उभे करी.

गिटार माझ्या आयुष्यात आली ती गुड्डू भैयांमुळे. ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. कोणत्याही वरातीत नवरदेवापेक्षा त्यांच्याकडे जास्त मुली पाहत, आणि मीही पाहत असे. परंतु मी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते, हे मला येथे नोंदवून ठेवायचे आहे, कारण त्या काळी त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. एकदा ऑर्केस्ट्राची गाडी धमतरीच्या रस्त्यावर एका म्हशीला चुकवताना उलटली. माणसे आणि म्हैस सुखरूप राहिली, गिटारच्या धडाचे मात्र तीन तुकडे झाले. त्याच महिन्यात गुड्डू भैयांना नव्या मंत्रालयात शिपायाची नोकरी लागली. राजधानी झाल्यावर शहराचे पहिले सांस्कृतिक नुकसान झाले ते हे. त्यांनी वाचलेले सगळे भाग एका कापडी पिशवीत भरून मला आणून दिले: पडदे बसवलेली लांब दांडी, तारा पिळण्याच्या सहा खुंट्या, दोन पिकअप म्हणजे ती चुंबक-वेटोळी, तारा जिच्यावरून जातात ती लोखंडी घोडी आणि मूठभर स्क्रू. "ले जा बहना, धड कहीं से जुटा लेना," ते म्हणाले. "अपन तो अब फाइल बजाएँगे."

धड जुटवण्यासाठी मी ब्राह्मणपाऱ्यातल्या बिसाहू मिस्त्रींना बोलावले. ते सुतार होते आणि आपल्या गावच्या रामायण मंडळीत हार्मोनियम वाजवत, म्हणून मला ते दुहेरी उपयोगाचे वाटले. त्यांनी दांडी उलटीसुलटी पाहिली, वास घेतला, आणि आईने दिलेल्या पाटवड्या खात निकाल दिला, "हव, बन जाही. फेर नवा लकड़ी अइंठ जाथे, नोनी. जुन्ना सागोन लागही." नवे लाकूड पिळवटते, जुना साग पाहिजे, इतके आम्हा सर्वांना समजले. जुना साग कोठे मिळेल हे मात्र त्यांनी तोंडाने सांगितले नाही. भिंतीला टेकून दोन पाट उभे होते. त्यांतल्या एकावर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केले आणि पुढची पाटवडी उचलली.

ते पाट आईच्या माहेरचे होते. परतवाड्याच्या बाजूचा साग, दीड इंच जाड, चारी कोपऱ्यांत पितळेची फुले. तिच्या वडिलांनी लग्नात जोडी दिली होती. त्यांवर जावई बसले होते, मुंजीचे बटू बसले होते, आणि एरवी दोन्ही वेळेला बाबा एका पाटावर जेवायला बसत आणि दुसऱ्यावर त्यांचा तांब्या. मागण्याची माझी हिंमत नव्हती आणि न मागता मान खाली घालून बसले की आई विरघळते, एवढा प्रयोग मी पूर्वी अनेकदा करून पाहिला होता.

"काहून तोंड पाडून बसली वं?" आईने मशीन न थांबवता विचारले.

"काही नाही."

"पाट पाहिजे ना तुले?"

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अवं, पाट तोडून गिटार बनवून राहिली पोट्टी. उद्या देव्हारा मागल."

"तुमचा तांब्या जमिनीवर बसल तर काय बिघडते?" आई म्हणाली. मग मशीन थांबले. "घे एक. पण ऐक, वर्षा. माझ्या बापानं दोन दिले होते. हा कापला तर पुन्हा पाट होत नाही. खंडेनवमीले मी त्याची पूजा करीन, पण वाजला तरच. नाही तर एवढ्या वर्षांचा पाट मी सरपणात घातला, असंच समजीन."

या अटीचे गांभीर्य समजण्यासाठी आमच्या घरची खंडेनवमी समजून घ्यायला हवी. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते: आईची कात्री, बाबांची पक्कड, विळी, किसणी, माझा कंपासपेटीतला कर्कटक. ती सगळी दोन्ही पाटांवर मांडली जात. आणि आईचा नियम असा की जे चालते त्याचीच पूजा. बाबांचा बंद पडलेला टॉर्च तिने एका वर्षी सरळ पाटावरून खाली उतरवला होता. माझी शाळेची पुस्तके ठेवताना ती प्रथम निकाल कधी लागणार ते विचारी. देवाविषयी तिचे मत काहीसे सैल होते, परंतु न चालणाऱ्या हत्याराला कुंकू लावणे हा तिच्या लेखी खरा अधर्म होता.

बांधणीचे काम पंधरा दिवस चालले. पाटाचे कोपरे कापायला आईने मनाई केली, कारण पितळेची फुले तेथे होती. त्यामुळे आमची गिटार चौकोनी झाली. जगातल्या गिटारांना कमरेचा बाक असतो, आमचीला पाटाचे चार कोपरे होते आणि हात वरपर्यंत पोहोचावा म्हणून बिसाहूंनी एका बाजूने घास घेतल्यासारखा तुकडा काढला होता. पाटाचे दोन पाय त्यांनी काढून मागच्या बाजूला, दांडी जोडतात तेथे, जाडी वाढवायला चिकटवले. विजेचे काम बाबांनी आपल्याकडे घेतले. त्यांनी दिलेले कथलाचे डाग एवढे ठसठशीत होते की वरून मालगाडी गेली असती तरी ते सुटले नसते. संगीतातले आपल्याला काही कळत नाही हे ते मान्य करत, परंतु अर्थिंगच्या बाबतीत त्यांनी माझे काही ऐकले नाही. घोडीपासून एक तार त्यांनी आतून नेली आणि मला समजावले, "जवर हात तारेवर नाही, तवर रेडिओ गुणगुण करल. हात लावला का चूप. तुह्या अंगातून ते सारं जमिनीत जाते, समजलं?" रेडिओ म्हणजे त्यांचा जुना संच, त्याच्या पोटातला ध्वनिवर्धक आम्ही गिटारसाठी मोकळा केला होता.

राहिले एकच काम, घोडी कोठे बसवायची. आता मी शिक्षिका आहे, तेव्हा हे वर्गात शिकवते तसेच सांगते, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. तारेचे एक टोक दांडीच्या वरच्या पट्टीवर आणि दुसरे घोडीवर असते. बारावा पडदा या दोहोंच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. तार निम्मी झाली की मोकळ्या तारेचाच सा वरच्या सप्तकात मिळतो. पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मी तीनदा मोजले, पावणेतेरा इंच. म्हणून बाराव्या पडद्यापासून घोडीही पावणेतेरा इंचांवर. जुन्या काळ्या सागावर पेन्सिल उमटेना, म्हणून आई तिचा पांढरा खडू आणि टेप घेऊन आली. मी आकडा वाचला. आईने रेघ मारली. बिसाहूंनी रेघेवर पाच भोके पाडून घोडी घट्ट बसवली.

पहिल्यांदा तारा चढवल्या त्या दुपारी आम्ही चौघे त्या चौकोनी वस्तूभोवती बसलो होतो. मोकळी तार छेडली आणि रेडिओतून जो आवाज आला त्याने खालच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. मग मी एकेक पडदा चढत सारेगम वाजवू लागले. ग पर्यंत ठीक होते. प जरा आजारी वाटला. वरच्या सा ला पोहोचले तेव्हा तो सा नव्हता. सा च्या घरी भाड्याने राहणारा कोणीतरी होता. बिसाहूंनी डोळे मिटून मान हलवली. "सुर ह उतरत हे, नोनी. जतके ऊपर, ओतके उतरत हे."

त्यानंतर आमच्या घरात जे झाले ते मी पुढे अनेक शाळांच्या स्टाफरूममध्ये पाहिले आहे. निकाल कमी लागला की प्रत्येक जण आपापल्या विषयाचे संरक्षण करतो. बाबा म्हणाले, अर्थिंग पक्के आहे. बिसाहू म्हणाले, मोर लकड़ी म खोट नइ हे. आई म्हणाली, माप माझ्या हातचे आहे, त्याची तर गोष्टच नको. मी तारा बदलल्या. घोडीवर प्रत्येक तारेची लांबी थोडी कमीजास्त करणारा बारीक स्क्रू असतो, तो शेवटापर्यंत फिरवला. चार दिवस मी पिकअपच्या चुंबकांवर, रायपूरच्या व्होल्टेजवर आणि गुड्डू भैयांच्या म्हशीवर संशय घेतला. खंडेनवमीला दोन दिवस उरले होते. जेवताना आईने उरलेला पाट बाबांना देण्याऐवजी भिंतीशी उभा करून ठेवला, आणि ते मला पुरेसे होते.

मी घरातली प्रत्येक गोष्ट तीनदा मोजणारी मुलगी. परंतु आईच्या खडूची रेघ मोजायची असते हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. पाचव्या दिवशी, करण्यासारखे दुसरे काही उरले नाही म्हणून, मी टेप लावला. बाराव्या पडद्यापासून घोडी सव्वातेरा इंच.

आता हे तिला सांगायचे कसे? समोर एका साहेबांच्या बाईंचे जरीचे कापड पसरलेले होते आणि बाई स्वतः खुर्चीत बसून आईच्या हाताची स्तुती करत होत्या. मी त्या जाईपर्यंत थांबले. मग टेप आणि गिटार तिच्या पुढ्यात ठेवली आणि दोन्ही मापे वाचून दाखवली, जशी वही वाचत असे.

"हो मंग," आई म्हणाली. "अर्धा इंच आत दाबायले सोडला मी. सोडाच लागते."

"आई, लाकूड दाबल्या जात नाही."

"आत काहीच जात नाही?"

"नाही."

"जेवढं आहे तेवढंच?"

"तेवढंच."

तीस वर्षांत तिच्या हाताने कापड कमी पडले असे कोणी म्हटले नव्हते, आणि जास्त पडले म्हणून तक्रार करणारी ही पहिलीच वस्तू होती. मला वाटले ती रागावेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझी क्षमा मागेल. तिने मशीनच्या खणातून उसवायची छोटी कात्री काढली, तिचा उपयोग नाही हे लक्षात येऊन परत ठेवली, आणि स्क्रू पिळायचा पेचकस बाबांच्या पेटीतून आणून माझ्या हातात दिला.

"उसव," ती म्हणाली. "पाहत काय राहिली? शिवणाऱ्यानं उसवायची लाज धरली तर धंदा बंद करा लागते."

बिसाहूंनी घोडी अर्धा इंच पुढे घेतली. मागे पाच उघडी भोके राहिली. ती त्यांनी बांबूच्या पाच खुंट्या ठोकून बुजवली. काळ्या सागावर ते पाच पिवळे ठिपके लपण्यासारखे नव्हते. मी त्यांवर रंग लावू का विचारले, तर आई म्हणाली, राहू दे.

खंडेनवमीच्या सकाळी उरलेल्या एकाच पाटावर हत्यारांची दाटी झाली होती. कात्रीवर पक्कड, पक्कडीवर किसणी. बिसाहू आपला रंधा घेऊन आले होते. आईने हळदीकुंकवाचे ताट हातात घेतले आणि मला म्हणाली, "वाजव." मी रेडिओचे बटण दाबले, आणि राजधानीतली वीज गेली.

आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. बाबांनी फ्यूज पाहिला, मग गल्लीत पाहिले, सगळीकडेच नव्हती. आई ताट घेऊन उभी होती. "चालते त्याचीच पूजा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कठोर नव्हता, पण नियम नियम होता. विजेशिवाय ही गिटार डासासारखी वाजते. मी तार छेडून दाखवली. तिला ऐकू गेले नाही. मला इतके रडू येत होते की मी गिटार मांडीवरून खाली सरकवली, आणि तिचा पितळी फुलाचा एक कोपरा समोरच्या पाटावर टेकला. माझे बोट अजून तारेवर होते. ते सुटले.

पाट वाजला. कात्री त्याच्यावर थरथरली, किसणी खुळखुळली, आणि सागाच्या त्या दीड इंच जाड फळीतून एक भरदार, पोटातला स्वर खोलीभर पसरला. कंप पावणारी वस्तू दुसऱ्या रुंद पृष्ठभागाला टेकली की आवाज वाढतो, हे मी आता दर वर्षी आठवीच्या मुलांना टेबलावर नादकाटा टेकवून दाखवते. त्या दिवशी मात्र मला हे कोणीतरी आम्हाला उद्देशून केले असे वाटले. मी कोपरा पाटावर तसाच दाबून धरला आणि खालच्या सा पासून निघाले. ग, म, प. प निरोगी होता. बाराव्या पडद्यावर बोट ठेवले आणि वरचा सा आला, खालच्या सा चा सख्खा.

"हव," बिसाहू म्हणाले.

"म्हणजे फळी काम करते," बाबा म्हणाले.

आई खाली बसली. तिने चारी पितळी फुलांना हळदकुंकू लावले, मग थोडे थांबून बांबूच्या पाचही ठिपक्यांना एकेक बोट लावले. "आई, ते कशाला?" मी विचारले. "उसवलेली शिवण आहे ते," ती म्हणाली. "मेहनत तर सारी तिच्यावरच गेली." गिटार पाटाला खेटून, त्याच्या जोडीच्या जागी ठेवली गेली.

दहा मिनिटांत वीज आली आणि रेडिओ गुणगुणू लागला. मी हात पुढे केला, तर आईने तो वरच्यावर अडवला. "पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत. उद्या." असा नियम आहे, आणि तो मला माहीत होता. त्यामुळे आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलो, बाबाही, त्यांचा तांब्याही. आणि रेडिओ बंद करणे म्हणजे हत्याराला हात लावणे होते की नाही यावर एकमत न झाल्याने तो जेवणभर गुणगुणत राहिला. पुरणपोळी वाढता वाढता आई पाटाजवळून गेली. सगळे ताटात पाहत आहेत अशी खात्री करून ती वाकली आणि एक बोट तारांना टेकवले. गुणगुण थांबली. तिने बोट उचलले, गुणगुण सुरू झाली. तिने ते पुन्हा टेकवले, आणि तुपाचे भांडे दुसऱ्या हातात धरून बराच वेळ तशीच वाकून राहिली.